लंडन ते टोकियो: साडेअकरा तास खरे की चौदा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंतर काढून देणाऱ्या संकेतस्थळावर लंडन–टोकियो ९,६०० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ साडेअकरा तास दिसतो. तिकिटावर मात्र जायला पावणेचौदा तास आणि यायला सव्वाचौदा. २०१९ साली गेलेला तुमचा मित्र छातीठोकपणे सांगतो की तो बारा तासांच्या आत पोचला होता. मग खोटं कोण बोलतंय? पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून येताना जास्त वेळ लागतो का? आणि निघायला उशीर झाला तर पायलट वेग वाढवून तो भरून काढतो का?

खोटं कुणीच बोलत नाहीये. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. दोन शहरांत अंतर किती, विमान प्रत्यक्षात किती अंतर कापतं, आणि तिकिटावरचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजलेला असतो. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि दुसऱ्याचं तर रोज बदलतं. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान निघायच्या आधी त्याने कुठून जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, हे ठरवायचं, कागदावर मांडायचं आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करायची, हे माझं गेल्या एकवीस वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

आधी अंतर. ९,६०० हा आकडा बरोबर आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, म्हणजे गोल पृथ्वीवरची सगळ्यात आखूड वाट, त्यावरून मोजलेलं हे अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर लंडनवर एक टाचणी, टोकियोवर दुसरी, आणि मध्ये दोरा ताणून बांधा. दोरा कुठून जातो ते बघा. तो पूर्वेकडे न जाता आधी वर, स्कँडिनेव्हियाच्या दिशेने चढतो, उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो, साधारण ७१ अंश उत्तरेला कारा समुद्रावर सगळ्यात उंच पोचतो आणि मग सैबेरियावरून घसरत जपानकडे येतो. लंडनहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून जेमतेम ३२ अंश पूर्वेकडे कललेली असते. भिंतीवरच्या नकाशावर तुम्ही पट्टी ठेवून जी सरळ रेघ माराल ती याच्या आसपासही नसते, आणि त्या रेघेवरून खरंच उडालात तर ११,३०० किलोमीटरहून जास्त पडतील. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली तसा नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून चालत राहिलं की त्यावर सरळ रेघ उमटते. सोयीची रेघ आणि आखूड रेघ या दोन निराळ्या गोष्टी.

जाता जाता, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर डोकं शिणवू नका. कुणी पृथ्वी गोल धरतं आणि त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतं, कुणी ती ध्रुवांपाशी किंचित चपटी धरतं. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. टोकियोच्या हानेदा आणि नारिता या दोन विमानतळांमध्येच साठेक किलोमीटरचं अंतर आहे.

आता साडेअकरा तास कुठून आले ते बघू. लांब पल्ल्याची आजची विमानं साधारण माक ०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के वेगाने जातात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते. त्या थंडीत आवाजाचा वेग तासाला सुमारे १,०६० किलोमीटर, म्हणून विमानाचा सुमारे ९००. ९,६०० ला ९०० ने भागा, साडेदहा-पावणेअकरा तास येतात. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्याची पंधरा-वीस मिनिटं, जमिनीवर चाकांवर फिरण्याची वीस-तीस. झाले साडेअकरा. संकेतस्थळाचा हिशेब चोख आहे, फक्त तो अशा जगासाठी केलेला आहे जिथे वारा वाहत नाही आणि देशांना सीमा नाहीत.

तुमच्या मित्राला २०१९ मध्ये ते जग जवळजवळ मिळालं होतं. तेव्हा लंडनहून निघालेलं विमान रशियावरून, म्हणजे त्या दोऱ्याच्या जवळपास, जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने उलट त्यांना. जपानी कंपन्यांनीही तो मार्ग सोडला. एका आठवड्यात आमच्याकडचे वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेले मार्ग कपाटात गेले. त्या दिवसांत रात्रपाळीला बसलेल्यांना विचारा.

आता दोन पर्याय उरलेत. पहिला दक्षिणेकडचा: युरोप ओलांडून तुर्कस्तान किंवा काळा समुद्र, मग जॉर्जिया, अझरबैजान, कास्पियन, कझाकस्तान, चीन, कोरिया आणि जपान. रशिया आणि इराण यांच्या मधली ती कॉकेशसची फट नकाशावर बघा. युरोपातून पूर्वेकडे जाणारी बहुतेक विमानं त्या चिंचोळ्या बोळातून निघतात. खाली तिबेटच्या पठारावरून जायचं आम्ही टाळतो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांवर यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. दुसरा पर्याय टोकियोहून निघताना वापरतात. विमान पश्चिमेकडे न वळता ईशान्येला, पॅसिफिकवर जातं, अलास्का ओलांडतं, कॅनडाच्या उत्तरेकडून ग्रीनलँड, आइसलँड करत लंडनला वरून उतरतं. अंतर १२,००० किलोमीटरच्या आसपास जातं. दोरा ताणून मोजलेल्या अंतरापेक्षा चांगले सव्वादोन-अडीच हजार जास्त.

यातली मजा बघा. जाताना पूर्वेकडे कझाकस्तानमार्गे गेलात आणि येतानाही पूर्वेकडेच अलास्कामार्गे आलात, तर एका परतीच्या तिकिटात तुमची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. येताना तुम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडता. सोमवारी सकाळी टोकियोहून निघालात, काही तासांत रविवारात शिरलात, वाटेत मध्यरात्र उलटली आणि सोमवारी दुपारी लंडनला उतरलात. अर्थात तुमचं विमान त्या दिवशी अलास्कामार्गे जाईलच असं आज कुणी सांगू शकणार नाही. दोन्ही मार्गांचा हिशेब मांडून जो त्या दिवशी स्वस्त आणि सोयीचा पडेल तो घेतला जातो. कंपनीगणिकही फरक पडतो. चिनी कंपन्या आजही रशियावरून उडतात, त्यामुळे लंडन–बीजिंगसारख्या जोडीत दोन कंपन्यांच्या वेळांत ठळक फरक दिसू शकतो. शहरं तीच, विमानाचा प्रकारही तोच, फक्त परवाना वेगळा.

हे सगळं नवीन वाटतं, पण आमच्यातल्या जुन्या मंडळींना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बहुतेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद होतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ साली कोपनहेगन–टोकियो सेवा सुरू केली ती अलास्कातल्या अँकरेजला थांबून, ध्रुवाजवळून. पुढे कित्येक वर्षं युरोपातून जपानला जाणाऱ्यांच्या आठवणीत अँकरेजच्या थांब्याला जागा असायची. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो विनाथांबा उडवलं तेही सोव्हिएत हद्दीला वळसा घालून, उत्तर ध्रुवावरून, जास्तीच्या टाक्या बसवलेल्या डीसी-१० विमानाने. पुढे सैबेरिया खुला झाला आणि हेलसिंकी हे आशियाचं जवळचं दार झालं, साडेनऊ तासांत टोकियो. २०२२ नंतर त्याच प्रवासाला तेराच्या आसपास तास लागायला लागले.

मार्ग झाला. आता वारा, माझा आवडता विषय.

पृथ्वी फिरते म्हणून विमानाला उशीर होत नाही. विषुववृत्तावर जमीन तासाला १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असते, पण हवाही तिच्याबरोबर सरकत असते आणि विमान हवेत असतं. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही पुढे चाला की मागे, पावलं तेवढीच पडतात. पण तुमच्या शंकेत एक धागा बरोबर आहे. पृथ्वीचं फिरणं आणि विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानातला फरक, या दोन्हींमुळे साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे तयार होतात. याच वाऱ्यांना जेट प्रवाह म्हणतात, आणि नेमक्या याच उंचीवर आपली विमानं उडतात. विमान हवेच्या सापेक्ष ९०० नेच जातं. हवा स्वतः पूर्वेकडे दीडशेने धावत असली की जमिनीच्या हिशेबाने पूर्वेकडे १,०५० आणि पश्चिमेकडे ७५०.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा वेग टिपला आणि निष्कर्ष जगापर्यंत पोचावेत म्हणून एस्परान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. एस्परान्तो वाचणारे जगात किती, हे तुम्हीच बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांना या वाऱ्याने हैराण केलं आणि मग सगळ्यांना तो कळला. हिवाळ्यात जपानवरचा जेट प्रवाह जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी असतो. टोकियोहून सरळ पश्चिमेकडे निघायचं म्हणजे त्याच्या तोंडात शिरायचं. टोकियोहून अलास्काकडे निघालेलं विमान मात्र सुरुवातीला त्याच्याच पाठीवर बसतं. नकाशावर उलटा दिसणारा लांबचा रस्ता काही दिवशी का परवडतो, हे आता लक्षात आलं असेल.

प्रत्येक उड्डाणाच्या आमच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात एक छोटासा आकडा असतो, सरासरी वारा. 'पी ०३५' म्हणजे पस्तीस नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) पाठीशी, 'एम ०५८' म्हणजे अठ्ठावन्न नॉट समोरून. मी कामावर आले की आधी तो बघते, मग बाकीचं. कागदाच्या खालच्या भागात मार्गावरच्या प्रत्येक बिंदूची एक ओळ असते: नाव, उंची, तापमान, वारा, तिथवरचा वेळ आणि तिथे टाकीत किती इंधन उरलं पाहिजे. पायलट उडताना प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षातला आकडा त्याच्याशेजारी ताडून बघतात. जमिनीवरचं अंतर आणि 'हवेतलं अंतर' हे आम्ही वेगळं मोजतो. ११,००० किलोमीटरचा मार्ग समोरच्या वाऱ्यात हवेतल्या १२,००० इतका भरू शकतो, आणि इंधन लागतं ते या दुसऱ्या आकड्याचं. म्हणून कधी कधी जमिनीवर तीनशे किलोमीटर लांबचा मार्ग आम्ही हसत घेतो.

जाण्यात जे मिळतं ते येताना फिटतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. सोपा हिशेब करून बघा. ९,००० किलोमीटरचा मार्ग, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर दहा तास जायला, दहा यायला, एकूण वीस. आता शंभरचा वारा आणा. पाठीशी असताना वेग १,०००, नऊ तास. समोर असताना ८००, सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. समोरचा वारा जास्त महाग पडतो, कारण त्याच्या तावडीत तुम्ही जास्त वेळ असता.

वारा किती करू शकतो याचा टोकाचा नमुना म्हणजे फेब्रुवारी २०२०. उत्तर अटलांटिकवर कियारा वादळ होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहाच्या आसपास लागतात. वाटेत जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. लोकांनी विचारलं की मग आवाजाचा वेग ओलांडला का? नाही. हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं, हवाच पळत होती. त्याच रात्री उलट दिशेने निघालेल्यांचं काय झालं असेल, त्याची बातमी होत नाही.

माझी एक फजिती सांगते. सात-आठ वर्षं झाली होती कामाला, म्हणजे हात बसलेला होता आणि तेच धोक्याचं असतं. हिवाळ्यातलं पश्चिमेकडचं लांब उड्डाण, विमान गच्च भरलेलं. प्रवासी, माल, सगळं घ्यायचं तर जास्तीचं इंधन बेतानेच बसत होतं. नियमात होतं, मी सही केली. चौथ्या तासाला कॅप्टनचा संदेश आला की अंदाजापेक्षा वारा तीस नॉट जास्त आहे. पुढे सहा तास तो तसाच राहिला, आणि हलकं झाल्यावर विमानाला जी वरची उंची मिळायला हवी होती ती गर्दीमुळे मिळाली नाही. उरलेल्या इंधनाचा रकाना प्रत्येक बिंदूवर माझ्या आकड्यापेक्षा थोडा थोडा खाली. शेवटी वाटेतल्या विमानतळावर उतरवून इंधन भरावं लागलं. धोका नव्हता, राखीव साठ्याला हातही लागला नव्हता, पण दीड तास जमिनीवर गेला आणि चौदा तासांचे जवळजवळ सतरा झाले. मग दर वेळी टाक्या भरून का पाठवत नाही? कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जास्तीच्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के दर तासाला जळतात. चौदा तासांच्या प्रवासाला एक टन जास्तीचं घेतलं तर त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नुसतं त्याला वाहण्यातच संपतं. तरी त्या दिवसानंतर हिवाळ्यात पश्चिमेकडे पाठवताना माझा हात थोडा सैल सुटतो.

आता तिकीट. त्यावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. चाकांखालचे ठोकळे काढून विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत पोचायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. शिवाय कंपन्या त्यात थोडी उशी घालतात. वेळापत्रक एका हंगामासाठी आधीच छापायचं असतं. त्या हंगामातले बहुतेक दिवस विमान वेळेत पोचलेलं दिसावं असा आकडा त्या निवडतात. म्हणून 'आम्ही वीस मिनिटं लवकर पोचलो' ही घोषणा तुम्ही इतक्या वेळा ऐकता. पावणेचौदा छापलं असेल आणि हवेत तेरा-सव्वातेराच तास गेले, तर त्यात नवल काही नाही.

घड्याळाची गंमत वेगळी. तुम्ही लिहिलंय की सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी पावणेदहाला उतरणार, म्हणजे २२ तास ४५ मिनिटं. आणि परत येताना सकाळी साडेनऊला निघून त्याच दिवशी दुपारी पावणेतीनला, म्हणजे फक्त सव्वापाच तास. हिवाळ्यात टोकियो लंडनच्या ९ तास पुढे असतं, उन्हाळ्यात ८, कारण लंडन घड्याळ पुढे करतं आणि जपान करत नाही. पण कालविभाग न बघताही एक युक्ती चालते. जाण्या-येण्याचे घड्याळी आकडे एकत्र करून निम्मे करा. २२:४५ आणि ५:१५, बेरीज २८, निम्मे १४. एका बाजूला जेवढे तास फुकट मिळाले तेवढेच दुसऱ्या बाजूला गेले, उरला तो प्रवास. एका बाजूचा नेमका वेळ यातून कळत नाही, सरासरी कळते, पण दोन तिकिटांची तुलना करायला ती पुरते.

आणि कुठल्याही दोन लांबच्या शहरांचा अंदाज स्वतः काढायचा असेल तर मी मनातल्या मनात असं करते. बृहद्‌वृत्ताच्या किलोमीटरना ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. सिंगापूर–न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किलोमीटर: अठरा आणि अर्धा, साडेअठरा तास. वेळापत्रकाच्या अगदी जवळ. पर्थ–लंडन साडेचौदा हजार, म्हणजे साडेसतरा. तेही जमतं. मग दिशा बघायची. मध्यम अक्षांशांत पूर्वेकडे जात असाल तर थोडं कमी करायचं, पश्चिमेकडे तर थोडं वाढवायचं. हिवाळ्यात हा फरक जास्त. सिडनी–सँतियागो ११,३०० च्या आसपास, हिशेबाने चौदाला थोडे कमी. पण पूर्वेकडे जाताना दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे पाठीशी असतात म्हणून साडेबाराच्या आसपास होतात. उत्तर-दक्षिण प्रवासात वारा बाजूने लागतो, तिथे दुरुस्ती जवळजवळ नकोच.

हा अंदाज फसतो तो बंद आकाशाने, आणि तुमची जोडी नेमकी तशी आहे. कुठला देश कुणाला बंद आहे हे कुठल्याच अंतर-गणकात नसतं. त्यासाठी विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या दहा-बारा दिवसांत ते कुठून गेलं, किती वेळात गेलं ते बघा. तुम्ही फेब्रुवारीत जाणार आहात, तर जुलैचे आकडे बघून ठरवू नका. कुठे पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या दहा-बारांतला सगळ्यात वाईट दिवस धरून चाला.

राहिला वेग वाढवण्याचा प्रश्न. वाढवतात, पण हाती फारसं लागत नाही. माक ०.८५ चं ०.८६ केलं तर तेरा तासांत नऊ-दहा मिनिटं वाचतात आणि इंधन बरंच जास्त जळतं. नियंत्रकाने वाटेतला एखादा कोपरा कापून सरळ जाऊ दिलं किंवा चांगल्या वाऱ्याची उंची मिळाली तर फुकटात त्याहून जास्त मिळतं. उशीर झालाच असेल तर कॅप्टन आधी मला विचारतात, पलीकडे उतरल्यावर गेट मोकळं आहे का. कारण दहा मिनिटं कमावून लवकर उतरावं आणि गेटवर आधीचं विमान उभं असावं, मग तीच दहा मिनिटं टॅक्सीवेवर बसून काढायची, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली पहिला फोन मी तिथेच लावते.